तीनशे पाच रुपये

मी दात बनवते.
दादरला, एका जिन्याखालच्या लॅबमध्ये,
लोकांच्या तोंडांचे साचे नावांच्या चिठ्ठ्या लावून
माझ्यासमोर रांगेत बसलेले असतात.
उंच झालेला दात शोधायचा तर
मध्ये निळा कागद धरायचा, जबडे मिटवायचे,
जिथे टोचणार तिथे आधीच डाग पडतो.

असा कागद कर्जाच्या अर्जालाही हवा होता.

भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर,
दोनशे ऐंशी फूट कार्पेट.
खिडकीतून समोरची गच्ची, गच्चीवर
कुणीतरी रंगाच्या डब्यात लावलेली मिरची.
रोहिदास म्हणाला, घेऊ.
मी म्हटलं, नळ उघडून बघ आधी.
आठ लाख आमचे, त्यात माझ्या बांगड्या.
बत्तीस कुणाचे तरी.

कुणाचे, तेच ठरत नव्हतं.

पहिला घरीच आला, हेल्मेट काखेत.
प्रोसेसिंग फी माफ, आठ पूर्णांक पाच,
"सर, आजच्या आज सँक्शन."
सर म्हणजे रोहिदास.
तो नाटकांच्या प्रयोगांना दिवे लावतो,
त्याला स्लिप नाही, पाकिटं मिळतात,
आणि पाकिटं बँकेला दिसत नाहीत.
स्लिप माझी. कर्ज माझ्या नावावर.
तरी पेन त्याच्यापुढे केलं.

दुसऱ्या कंपनीचं ऑफिस थंडगार.
भिंतीवर किल्ली हातात घेतलेलं हसरं कुटुंब,
चौघांचे दात एकाच साच्यातले.
तिथली मुलगी म्हणाली, दर फ्लोटिंग आहे,
मार्केट जाईल तसा.
मार्केट कुठे जातं, मी विचारलं.
सरांना विचारून सांगते, म्हणाली.
सर जेवायला गेले होते.

तिसरी सरकारी. टोकन एकोणसाठ, पंखा बंद.
पाटीवर सौ. व्ही. डी. तांडेल.
चष्मा डोक्यावर सरकवून त्यांनी मलाच विचारलं,
पगार कितव्या तारखेला होतो?
सातला, म्हटलं. कधी कधी दहा.
"मग हप्ता बाराला ठेवू. पाचला ठेवलात
तर दंड भरत राहाल, कळणारही नाही."
कागद माझ्याकडे फिरवला,
चौदाव्या कलमाखाली पेन्सिलने बारीक रेघ मारली.
"हे घरी वाचा. नाही पटलं तर येऊ नका."
दर आठ पूर्णांक पासष्ट.

रात्री रोहिदासने विजेच्या बिलामागे गणित मांडलं.
महिन्याला तीनशे पाच जास्त.
वीस वर्षांचे त्र्याहत्तर हजार दोनशे.
"एका पेन्सिलच्या रेघेचे?"
तीनशे पाचात आमचं दहा दिवसांचं दूध येतं.
मी गप्प बसले.
माझं गणित मी दाखवलं नाही:
आता अडतीस, फिटेल तेव्हा अठ्ठावन्न.
तोवर माझे डोळे इतकं बारीक काम करतील का,
हे कुठल्याच अर्जात विचारलं नव्हतं.

सही केली.
नाव आधी माझं, खाली त्याचं.

पुढच्याच महिन्यात तांडेलबाई बदलून रत्नागिरीला गेल्या.
त्यांच्या खुर्चीवर एक मुलगा बसतो,
वर न बघता "बोला" म्हणतो.
रोहिदास यावर काही बोलला नाही.
मला ते बोलल्यापेक्षा जड गेलं.

बारा तारखेला फोन थरथरतो.
बोटांना मेण असतं, उचलत नाही.
काय आलंय ते माहीत असतं.

नव्या खोलीत त्याने एकच बल्ब लावला,
पण त्याचा कोन चारदा बदलला.
पाचव्यांदा स्टुलावरूनच म्हणाला,
इथे उभी राहा. नाही, जरा डावीकडे.
हां. चेहरा वर.

मी उभी राहिले. अंगावर पडलेला उजेड
जरा जास्तच होता.

तीनशे पाच, तो म्हणाला,
आणि स्टुलावरून उतरला.